परदेशातला व्हिसा चालू असताना पासपोर्टचं नूतनीकरण: खान्देशातल्या घरांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न जळगाव, भुसावळ, अमळनेर, शिरपूर, शहादा इथल्या घरांतले आहेत. कुणाचा मुलगा जर्मनीत शिकतोय, कुणाची मुलगी किर्गिझस्तानात एमबीबीएसला आहे, कुणाचा भाऊ आखातात फिटर आहे, तर कुणाच्या आईवडिलांच्या पासपोर्टात अमेरिकेचा व्हिसा आहे. पासपोर्टची मुदत संपत आलेली आणि व्हिसा मात्र अजून शिल्लक, अशी सगळ्यांची अडचण. फी आणि नियम मधूनमधून बदलतात, म्हणून पैसे भरण्याआधी सरकारी संकेतस्थळ एकदा जरूर बघा.

पासपोर्टची मुदत संपली की त्यातला व्हिसाही संपतो का?

बहुतेक देशांच्या बाबतीत नाही. पासपोर्ट भारत सरकार देतं आणि व्हिसा त्या देशाचं सरकार. एकाची मुदत संपल्यानं दुसऱ्याची आपोआप संपत नाही. अमेरिकेचं उदाहरण सर्वात स्पष्ट आहे: जुन्या पासपोर्टातला व्हिसा मुदतीत असेल आणि त्याचं पान फाटलेलं, खराब झालेलं नसेल, तर जुना आणि नवा असे दोन्ही पासपोर्ट सोबत घेऊन त्याच व्हिसावर प्रवास करता येतो. मुलाकडे जाऊन आलेल्या कितीतरी आजी-आजोबांचा दहा वर्षांचा व्हिसा असाच जुन्या पासपोर्टात असतो. तो पुन्हा काढण्यासाठी मुंबईला मुलाखतीला जायची गरज नाही.

पण यातला दुसरा अर्धा भाग लोकांच्या लक्षात येत नाही. भारत सरकार तुमचा नवा पासपोर्ट नंबर त्या देशाला कळवत नाही. ते काम तुमचं आहे, आणि प्रत्येक देशाची पद्धत निराळी आहे. माणसं अडकतात ती बहुतेक इथेच. नवा पासपोर्ट हातात आला म्हणजे काम झालं असं समजून निवांत बसतात.

किती आधी अर्ज करावा?

मुदत संपायच्या आधी एक वर्षापासून अर्ज करता येतो. माझं म्हणणं असं की दीर्घ मुदतीच्या व्हिसावर असलेल्यानं ते वर्ष सुरू झालं की लगेच कामाला लागावं. 'अजून आठ महिने आहेत' हा हिशेब देशात राहणाऱ्यासाठी ठीक आहे, बाहेर राहणाऱ्यासाठी नाही.

पहिली गोष्ट, अनेक देश प्रवेशाच्या वेळी पासपोर्टची किमान सहा महिने मुदत शिल्लक असावी अशी अट घालतात आणि विमान कंपनी ती अट काउंटरवरच तपासते. म्हणजे छापलेल्या तारखेच्या सहा महिने आधीच तुमचा पासपोर्ट प्रवासाच्या कामाचा राहत नाही.

दुसरी गोष्ट जास्त नुकसान करणारी आहे. कॅनडा वर्क परमिट किंवा स्टडी परमिट पासपोर्टच्या मुदतीपलीकडचं देत नाही. तीन वर्षांचं परमिट मिळायला हवं तिथे पासपोर्ट दहा महिन्यांत संपत असेल तर परमिटही दहाच महिन्यांचं हातात पडतं. जर्मनीत राहण्याच्या परवान्याचं कार्डही साधारणपणे पासपोर्टच्या तारखेपर्यंतच दिलं जातं. अमेरिकेत एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांनी तर हे नीट ध्यानात घ्यावं: कंपनीच्या मंजुरीच्या कागदावर तीन वर्षं लिहिलेली असली, तरी विमानतळावरचा अधिकारी आय-९४ (देशात शिरल्याची आणि कधीपर्यंत राहता येईल याची) नोंद तुमच्या पासपोर्टच्या मुदतीपर्यंतच कमी करू शकतो. तुम्हाला देशात राहता येतं ते त्या आय-९४ वरच्या तारखेपर्यंत. ती उलटली आणि कळलंच नाही, तर बेकायदा मुक्काम ठरतो. दर वेळी देशात शिरल्यावर ऑनलाइन आय-९४ उघडून तारीख वाचायची सवय लावून घ्या.

नवा व्हिसा किंवा मुदतवाढ मागायची असेल तर आधी पासपोर्ट, मग व्हिसा. हा क्रम उलटा करू नका.

दिवाळीला गावी येणार आहे. इथे करू की तिकडच्याच दूतावासातून?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आहे, आणि त्याचं उत्तर तुमच्या हातात किती दिवस आहेत यावर ठरतं.

महिनाभराहून मोठी सुट्टी असेल, नाव-पत्ता-जन्मतारीख यांत काहीही बदलायचं नसेल आणि मागच्या वेळची पोलीस पडताळणी नीट झालेली असेल, तर गावाकडे करणं सोपं पडतं. फी रुपयांत भरायची, कागद घरात, घरचे मदतीला. शक्य असेल तर तिकडून निघण्याआधीच अर्ज ऑनलाइन भरून पोहोचल्यानंतरच्या दोन-तीन दिवसांतली अपॉइंटमेंट घ्या. लग्नकार्य, नवस, नातेवाईक सगळं त्यानंतर ठेवा.

पंधरा दिवसांची सुट्टी असेल तर इथे अर्ज करू नका, असं मी अगदी आग्रहानं सांगेन. पडताळणी अडकली, एखादा कागद कमी पडला, तर परतीचं तिकीट आणि तिकडची नोकरी दोन्ही धोक्यात येतात. अर्ज मंजूर होताना जुना पासपोर्ट रद्द होतो, त्यामुळे मधल्या काळात 'चला, जुन्यावरच जाऊन येतो' असं करता येत नाही.

तिकडे करायचं असेल तर तुम्ही कायदेशीर राहता त्या भागासाठी नेमलेल्या भारतीय दूतावासात किंवा वाणिज्य दूतावासात अर्ज होतो. अनेक देशांत कागद घ्यायचं काम व्हीएफएस किंवा बीएलएस या कंपन्यांकडे दिलेलं आहे. तिकडच्या वास्तव्याचा पुरावा लागतो: व्हिसा, राहण्याचं कार्ड, वीजबिल किंवा घराचा करार. विद्यार्थ्यांनी वसतिगृहाचं पत्र आधीच घेऊन ठेवावं. आणि हो, पासपोर्ट व्हिसाच्या कामासाठी दुसऱ्या एखाद्या देशाच्या दूतावासात जमा असेल, तर तो परत आल्याशिवाय यात पडू नका.

खान्देशात कुठे जायचं? आमच्या जिल्ह्यातच करावं लागतं का?

नाही. २०१८ पासून देशातल्या कुठल्याही केंद्रात अर्ज करता येतो. जळगावला पोस्टातलं पासपोर्ट सेवा केंद्र आहे, नाशिकला मोठं केंद्र आहे. नवापूर, नंदुरबारकडच्यांनी सुरतची तारीखही बघावी. भुसावळहून ताप्तीच्या रेल्वेमार्गानं थेट तिथे जाता येतं आणि राज्य वेगळं असल्यानं काही बिघडत नाही. पोलीस पडताळणी मात्र अर्जात लिहिलेल्या पत्त्याच्या ठाण्याकडेच येते, तुम्ही अर्ज कुठूनही करा.

मिळालेली तारीख वर्षभरात तीन वेळा बदलता येते. विमान उशिरा आलं म्हणून फी बुडत नाही.

फॉर्ममध्ये काय निवडायचं, फी किती?

'री-इश्यू' निवडायचं, 'फ्रेश' नाही. कारण म्हणून मुदत संपली किंवा संपत आली हा पर्याय घ्यायचा. मुदत संपून तीन वर्षांहून जास्त काळ गेला असेल तर त्यासाठी वेगळा पर्याय आहे. पानं संपली असतील, तेही वेगळं कारण आहे.

प्रौढांसाठी ३६ पानांच्या पुस्तिकेची फी १५०० रुपये, ६० पानांची २००० रुपये. तत्काळ हवा असेल तर वर आणखी २०००. सतत ये-जा करणाऱ्यानं ५०० रुपयांकडे न बघता ६० पानी घ्यावी. दूतावासात फी तिथल्या चलनात असते आणि वर केंद्राचा सेवाआकार. भारतातल्या केंद्रात फोटो तिथेच काढतात. परदेशात मात्र मापाचा, पांढऱ्या पार्श्वभूमीचा फोटो लागतो, तो कोपऱ्यावरच्या साध्या दुकानातून न काढता माप नीट माहीत असलेल्याकडून काढा.

आता चिप असलेले ई-पासपोर्ट दिले जातात. मुखपृष्ठावर खाली छोटं सोनेरी चिन्ह असतं. त्याच्यासाठी निराळा अर्ज नाही. आणि जुना, चिप नसलेला पासपोर्ट मुदत असेपर्यंत चालतोच, तो केवळ चिपसाठी बदलायची गरज नाही.

पोलीस पडताळणीला कुणी आलंच नाही किंवा आले तेव्हा मुलगा परत गेलेला होता. मग?

नूतनीकरणात काहीच बदल नसेल तर पुष्कळदा नव्यानं पडताळणी लागत नाही, किंवा पासपोर्ट दिल्यानंतर होते. पण लागेल असं धरूनच चाला. परदेशातून अर्ज केला असला तरी अर्जातल्या भारतातल्या पत्त्यावर चौकशी येऊ शकते.

आपल्याकडची खरी अडचण पत्त्याची आहे. आधारवर गाव चोपडा तालुक्यातलं, घर आता जळगावात भाड्याचं, आणि मुलगा राहिला शिकायला पुण्यात. अर्जात नक्की तोच पत्ता लिहा जिथे घरचं माणूस बसलेलं आहे आणि ज्याचा पुरावा हातात आहे. मळ्यातलं घर असेल तर गट नंबरासोबत जवळची खूण आणि पोलीसपाटलांना माहीत असलेलं नाव लिहा, म्हणजे हवालदाराला शोधत फिरावं लागत नाही. भारतातला चालू मोबाइल नंबर द्या. तिकडचं सिम भारतात बंद असतं आणि फोन लागला नाही की शेरा 'अर्जदार आढळला नाही' असा पडतो. तो शेरा पडला तरी सगळं संपलं नाही. पासपोर्ट कार्यालयाकडे अर्ज करून पुन्हा पडताळणी मागता येते, फक्त आठवडे जातात.

घरच्यांना आधी सांगून ठेवा की कुणी विचारलं तर खरं सांगा: मुलगा अमुक देशात, अमुक व्हिसावर आहे. भीतीपोटी 'इथेच राहतो' असं सांगणाऱ्या आया पाहिल्या आहेत. त्यांच्या बोलण्यामुळेच अर्जात आणि अहवालात तफावत पडते.

जुना पासपोर्ट परत देतात का? व्हिसाचं पान कापत नाहीत ना?

परत देतात. कोपरा कापून किंवा 'रद्द' शिक्का मारून तो बाद करतात, पण चालू व्हिसाची पानं तशीच ठेवायची असतात. काउंटरवर स्वतःहून सांगा की माझा व्हिसा चालू आहे, आणि पान उघडून दाखवा. परत घेताना तिथेच उभं राहून ते पान तपासा.

नव्या पासपोर्टात जुन्याचा नंबर छापून येतो, त्यामुळे दोन्हींचा संबंध कागदावर जुळतो. जुना पासपोर्ट व्हिसा संपेपर्यंतच नव्हे, त्यानंतरही जपून ठेवा. कायम वास्तव्याचा अर्ज करताना अनेक देश मागच्या दहा वर्षांच्या प्रवासाचा तपशील मागतात, आणि तो शिक्क्यांवरूनच काढावा लागतो.

नावात थोडा फरक आहे. आता दुरुस्त करून घेऊ का?

इथे थोडं थांबून विचार करा, कारण खान्देशातल्या निम्म्या अडचणी नावातून निघतात. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी असतं, म्हणजे 'पाटील गणेश भास्कर'. पासपोर्टात आडनावाच्या रकान्यात पाटील आणि नावाच्या रकान्यात गणेश भास्कर. हे बरोबर आहे, यात दुरुस्ती नको. पण वडील एका कागदावर भास्कर आणि दुसऱ्यावर भास्करराव. आई शाळेच्या दाखल्यावर सुशीला, आधारवर सुशीलाबाई. गावच्या लोकांत 'भाऊ' लागलेलं, तेच रेशनकार्डावर चढलेलं. अशा वेळी नियम सोपा ठेवा: चालू पासपोर्टावर जे आहे ते नव्यावर जसंच्या तसं येऊ द्या आणि आधार, पॅन त्याला जुळवून घ्या. पासपोर्ट त्यांच्या मागे पळवू नका.

व्हिसा चालू असताना नाव बदललं तर जुन्या पासपोर्टातला व्हिसा एका नावाचा आणि नवा पासपोर्ट दुसऱ्या नावाचा होतो. विमानतळावर प्रत्येक वेळी खुलासा, आणि काही देशांत तर नवा व्हिसाच. लग्नानंतर आडनाव बदलणं कायद्यानं बंधनकारक नाही. मुलगी माहेरच्या नावानं पासपोर्ट पुढे चालवू शकते आणि पतीचं नाव जोडीदाराच्या रकान्यात देऊ शकते. सासरच्यांनी आग्रह धरला तरी शिक्षण किंवा नोकरी चालू असलेल्या मुलीनं हे काम व्हिसाची मुदत पूर्ण होईपर्यंत थांबवावं, असं मला मनापासून वाटतं. बदलायचंच ठरलं तर विवाह नोंदणीचा दाखला हा सर्वात भक्कम कागद आहे, आणि तो परदेशातून मागवण्यापेक्षा जाण्याआधी काढलेला बरा.

नवा पासपोर्ट आला. आता त्या देशाला कसं कळवायचं?

ब्रिटनमध्ये २०२४ अखेर राहण्याच्या परवान्याची कार्डं बंद होऊन परवाने ई-व्हिसावर, म्हणजे ऑनलाइन नोंदीवर गेले. तुमच्या ऑनलाइन खात्यात नवा पासपोर्ट नंबर जोडला नाही तर विमान कंपनीला तुमचा परवाना दिसतच नाही आणि मुंबईलाच थांबवलं जातं. ऑस्ट्रेलियाचंही तसंच, व्हिसा पासपोर्ट नंबराला बांधलेला असतो. तिथल्या सरकारच्या इमी-अकाउंट या ऑनलाइन खात्यातून किंवा फॉर्म ९२९ भरून कळवायचं.

जर्मनीत शहराच्या परदेशी नागरिक कार्यालयात जाऊन नव्या पासपोर्टावर परवाना चढवून घ्यावा लागतो. मोठ्या शहरांत तिथली तारीख मिळायलाच वेळ लागतो, म्हणून पासपोर्टचा अर्ज टाकला त्याच दिवशी तिकडची तारीखही मागा.

आखातात हे काम बहुधा कंपनीचा पीआरओ किंवा मंदूब, म्हणजे सरकारी कागदपत्रं बघणारा माणूस करतो. सौदीत या कामाला 'नकल मालूमात' (माहिती नव्या पासपोर्टावर नेणं) म्हणतात आणि ते अबशेर या सरकारी ऑनलाइन यंत्रणेतून होतं. यूएईत २०२२ पासून पासपोर्टात व्हिसाचा स्टिकर लावत नाहीत, एमिरेट्स आयडी हे तिथलं ओळखपत्र हाच पुरावा. तरी मागच्या नोंदीत पासपोर्ट नंबर असतोच आणि तो बदलून घ्यावा लागतो. पीआरओनं 'हो जाएगा' म्हटलं म्हणून विसरू नका. झाल्याचा कागद किंवा स्क्रीनशॉट मागून घ्या.

रशिया किंवा मध्य आशियात शिकणाऱ्यांनी नवा पासपोर्ट हातात पडताच विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी विभागात जावं. तिथे व्हिसा आणि राहण्याची नोंदणी दोन्ही नव्या नंबरावर न्यावी लागते, आणि उशीर झाला तर दंड विद्यार्थ्याला बसतो.

भावाचा पासपोर्ट कंपनीनं जमा करून घेतलाय. नूतनीकरण कसं करणार?

यूएई आणि सौदीत मालकानं कामगाराचा पासपोर्ट अडकवून ठेवणं नियमाविरुद्ध आहे. आधी लेखी मागणी करायची, व्हॉट्सॲपवर का होईना, म्हणजे पुरावा राहतो. तरी मिळाला नाही तर भारतीय दूतावासाच्या कामगार विभागाकडे जा किंवा परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर तक्रार नोंदवा. ही तक्रार घरचे इथून, जळगावात बसूनही नोंदवू शकतात.

पासपोर्टवर ईसीआर लिहिलंय. ते याच वेळी निघेल का?

निघेल, पात्र असाल तर. ईसीआर म्हणजे कामासाठी परदेशी जाताना सरकारची परवानगी लागते असा शेरा. १८ देशांत कामाला जाताना ईसीआरवाल्याला ही परवानगी लागते, त्यात आखाती देश आणि मलेशिया आहेत. दहावी पास असाल, किंवा परदेशात एकूण तीन वर्षं काढली असतील, तर ते काढता येतं. आयटीआय करून गेलेल्या कित्येक मुलांकडे दहावीचं प्रमाणपत्र असूनही पहिल्या वेळी ते जोडलं गेलेलं नसतं. नूतनीकरण करताना ते सोबत ठेवा, पुढची नोकरी बदलताना एक मोठा अडथळा कमी होतो.

वडील दुबईत, आई धुळ्यात. लहान मुलाचा पासपोर्ट कसा?

अल्पवयीन मुलाचा पासपोर्ट साधारणपणे पाच वर्षांचा किंवा अठरा वर्षं पूर्ण होईपर्यंतचा, जे आधी येईल ते. दोन्ही पालकांची संमती लागते. वडिलांनी तिकडच्या भारतीय दूतावासात संमतीच्या नमुन्यावर सही करून ती साक्षांकित करून पाठवावी. कागद कुरिअरनं यायला वेळ धरा. १ ऑक्टोबर २०२३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्मदाखलाच चालतो, म्हणून ग्रामपंचायतीच्या किंवा पालिकेच्या दाखल्यावर बाळाचं पूर्ण नाव चढलंय का ते आधी बघा.

पासपोर्ट तिकडे हरवला आणि व्हिसा त्यातच होता.

आधी तिथल्या पोलिसांत तक्रार, त्याची प्रत घ्या. मग दूतावासात हरवलेल्याच्या बदली पासपोर्टचा अर्ज. व्हिसाचा स्टिकर मात्र परत मिळत नाही, तो त्या देशाकडून नव्यानं घ्यावा लागतो. घाईत दूतावासाकडून इमर्जन्सी सर्टिफिकेट मिळू शकतं, पण त्यावर फक्त भारतात परतता येतं, पुन्हा तिकडे जाता येत नाही. आईवडिलांना बरं नाही म्हणून तातडीनं यावं लागलं तर हा फरक लक्षात ठेवून निर्णय घ्या. पासपोर्ट, व्हिसा आणि राहण्याच्या कार्डाचे फोटो घरी कुणाच्या तरी फोनमध्ये आजच पाठवून ठेवा.

पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट आधी काढू की पासपोर्ट?

पासपोर्ट. त्या प्रमाणपत्रावर, म्हणजे गुन्ह्याची नोंद नसल्याच्या पोलिसांच्या दाखल्यावर, पासपोर्ट नंबर असतो. आधी काढलं आणि नंबर बदलला, तर ते पुन्हा काढायला सांगितलं जाऊ शकतं.

गावातला एजंट सगळं करून देतो म्हणतो. द्यावं का?

फॉर्म भरायला मदत म्हणून सेतू केंद्रात किंवा ओळखीच्या मुलाकडे जाण्यात काही वाईट नाही. पण अर्ज फक्त पासपोर्टइंडिया डॉट गव्ह डॉट इन इथे किंवा एमपासपोर्ट सेवा या सरकारी ॲपवर भरला जातोय ना, ते स्वतः डोळ्यांनी बघा. सारखी दिसणारी बनावट संकेतस्थळं आहेत आणि परराष्ट्र मंत्रालयानं त्यांच्याबद्दल इशारा दिलेला आहे. लॉगिन आणि पासवर्ड स्वतःच्या मोबाइल आणि ईमेलवरच ठेवा. एजंटच्या ईमेलवर खातं उघडलेलं असलं की पुढच्या वेळी त्यालाच शोधत फिरावं लागतं. मूळ पासपोर्ट कुणाच्याही हवाली करू नका.

परतीचं तिकीट जुन्या पासपोर्ट नंबरावर काढलंय. रद्द करावं लागेल का?

नाही, तिकीट नावावर असतं. नाव तेच असेल तर विमान कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा फोन करून पासपोर्टचा तपशील बदलून घ्या. चेक-इनला नवा पासपोर्ट दाखवा, व्हिसा विचारला की जुना. दोन्ही हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत नको.